स्नो ब्लोअरचं इंजिन गेलं: वायरची मोटर, बॅटरीची मोटर की पुन्हा पेट्रोल?

स्नो ब्लोअर म्हणजे साचलेला बर्फ खेचून दूर फेकणारं यंत्र. त्याचा ऑगर (बर्फ आत ओढणारा फिरता स्क्रू), गिअरबॉक्स, चाकं धडधाकट आहेत आणि फक्त इंजिनाने मान टाकली आहे, अशाच यंत्राला मोटर बसवा. गिअरबॉक्स खडखडत असेल तर तो खर्च पाण्यात जाईल.

वायरची, म्हणजे सॉकेटला जोडून चालणारी मोटर सगळ्यात सोपी. बॅटरी नको, कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग) नको. घोडं अडतं ते सॉकेटपाशी. १२० व्होल्ट, १५ अँपिअरच्या सॉकेटमधून फार तर १८०० वॉट मिळतात, तर ८ हॉर्सपॉवरचं इंजिन जवळपास ६००० वॉटचं असतं. भुसभुशीत बर्फात हळूहळू काम होईल. ओल्या, जड बर्फात मोटर दमेल. २३० व्होल्ट, १६ अँपिअरवर सुमारे ३७०० वॉट मिळतात, तिथे मात्र हा पर्याय मला खरोखर पटतो. सुरू होताना मोटर बरीच जास्त वीज खेचते, म्हणून ऑगरचा लिव्हर सोडूनच बटण दाबा. लांबलचक बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, आणि ती ऑगरखाली येणार नाही याकडे सतत लक्ष ठेवावं लागतं.

बॅटरीने मोकळेपणा मिळतो, पण आधी हिशेब करा. ४८ व्होल्टवर ४ किलोवॉट म्हणजे ८० अँपिअरच्या वर करंट: जाड केबल, फ्यूज, कॉन्टॅक्टर (जड करंटचा स्विच), सगळं त्या तोडीचं हवं. ४८ व्होल्ट, ५० अँपिअर-अवरच्या पॅकमध्ये २.४ युनिट वीज मावते, म्हणजे पूर्ण जोरात जेमतेम अर्धा तास. लहान इंजिन एक लिटर पेट्रोलमधून साधारण दोन युनिट काम काढतं, म्हणजे एवढा पॅक म्हणजे लिटरभर पेट्रोलच! शिवाय लिथियम बॅटरी शून्याखालच्या तापमानात चार्ज केली की कायमची खराब होते. ती काढून घरात नेता येईल अशीच बसवा. लेड-अ‍ॅसिड स्वस्त, पण वजन तिप्पट आणि थंडीत मरगळते. (चाकांवर वजन पडून पकड सुधारते, हे खरं.)

मोठं अंगण, वारंवार जाड थर आणि जवळ वीज नाही, अशा ठिकाणी मी अजूनही पेट्रोल इंजिनच बदलून घेईन. कार्ब्युरेटर तुंबण्याचा त्रास आणि आवाज सोसावा लागेल.

मोटर घेताना फिरण्याची दिशा जुन्या इंजिनाशी ताडून बघा. उलटी फिरली तर इम्पेलर (बर्फ बाहेर भिरकावणारा पंखा) बर्फ फेकणार नाही. इंजिन ३६०० आरपीएमवर चालत असेल आणि मोटर २९०० ची असेल, तर मोटरची पुली जुन्या पुलीपेक्षा सुमारे पाव पट मोठी घ्या, नाहीतर बर्फ पायाशीच पडेल.

सुरक्षेत तडजोड नको. ऑगर अडकला की इंजिन बहुधा बंद पडतं. मोटर जोर लावतच राहते. म्हणून मूळ शिअर पिनाच (ऑगर अडकला की आधी तुटून गिअरबॉक्स वाचवणाऱ्या पिना) ठेवा, साधे बोल्ट घालू नका, आणि कंट्रोलरमध्ये करंटची मर्यादा लावा. हँडल सोडताच मोटर थांबली पाहिजे. चूटमधला (बर्फ बाहेर पडण्याच्या नळीतला) बर्फ काढण्याआधी बॅटरीचा प्लग उपसा, आणि तरीही हात न घालता काठीच वापरा.