सोलापूरच्या मे महिन्यात क्राफ्ट बिअर: कोणती टिकते, कोणती मान टाकते

सोलापुरात बिअर शॉपीवर जाऊन नुसतं "बिअर द्या" म्हटलं, की पोरगा न विचारता स्ट्राँग काढून ठेवतो. माइल्ड मागितली तर एकदा वर बघतो. गव्हाची आहे का विचारलं, तर मालकाला हाक मारतो. त्यामुळे क्राफ्ट बिअरवर, म्हणजे नेहमीच्यापेक्षा वेगळ्या चवी-प्रकारांच्या बिअरवर, लिहायचं ते पुण्या-मुंबईच्या मंडळींनीच, असं ठरून गेलंय. त्यांचं लिहिलेलं खोटं नसतं, पण ते पितात ब्रुअरीच्या, म्हणजे बिअर बनते त्या कारखान्याच्या, दारात. आपल्याकडे तीच बिअर अडीचशे किलोमीटरचा रस्ता, मधली गोदामं आणि बेचाळीस अंशांचं ऊन सोसून येते. म्हणून इथे लिहितोय ते बिअर सोलापुरात पोचल्यावर कशी लागते त्याबद्दल. ब्रुअरीच्या नळाखाली ती कशी होती, ते त्यांनी सांगावं.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डाइंगची लॅब बघतो. दिवसभर शेड जुळवणं हाच उद्योग. सोबतीला अंबादास. त्याचा शेंगा चटणीचा धंदा, आणि शेंगदाणा किती भाजला हे त्याला पलीकडच्या खोलीत बसून नुसत्या वासावर कळतं. मी ग्लास उजेडात धरून रंग नि फेस बघत बसतो, तो डोळे मिटून नाक घालतो. आमचं एकमत सहसा होत नाही, आणि झालं तर बिअर मध्यम दर्जाची आहे असं समजावं.

बैठक अंबादासच्या जुळे सोलापुरातल्या गच्चीवर, दिवस कलल्यावर. अर्धा माल इथल्या शॉप्यांमधून घेतलेला, अर्धा अंबादासने पुण्याहून येताना बिलासकट बर्फाच्या पेटीत आणलेला. टेंभुर्णीला थांबून त्याने स्वतःला चहा घेतला आणि पेटीत बर्फ भरला, हे त्याने मला किमान चारदा ऐकवलं. ग्लास सगळे एकसारखे, गरम पाण्याने विसळून वाऱ्यावर वाळवलेले. साबणाचा अंश राहिला की फेस बसतो. ट्यूबलाइटखाली पाठीमागे पांढरा कागद धरायचा नि मग रंग बघायचा, हा माझा आग्रह. "कशाला एवढं नाटक कराल्यास बे, प्यायचीय का टॉवेल रंगवायचाय?" हा त्याचा त्यावरचा शेरा.

एक नियम मात्र दोघांनाही मान्य: पहिला घोट चटणीच्या आधी. आपली शेंगा चटणी उखळात कुटून तेल सुटलेली असते. ते तेल ओठाला लागलं आणि ओठ ग्लासाला लागला, की तिथला फेस बघता बघता विरतो. काठाशी आधी एक काळं भोक पडतं, मग ते पसरत जातं. तेल-तूप फेसाचं वैरी. त्यामुळे फेसावरून बिअरला नावं ठेवण्याआधी आपण काय खाल्लंय ते आठवावं.

सुरुवात बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरपासून. होगार्डन आणि बिरा व्हाइट शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींत गहू, धणे आणि संत्र्याची साल हा ढाचा तोच. होगार्डन हे बेल्जियममधलं गाव. तिथली ही गढूळ पांढरी बिअर गेल्या शतकाच्या मध्यावर बंद पडली होती, ती १९६६ साली पिएर सेलिस या दूधवाल्याने पुन्हा सुरू केली. बिरा आपल्याकडे २०१५ साली आली, आणि सुरुवातीला तीही बेल्जियममध्येच बनवून आणली जायची. म्हणजे दोघी एकाच माहेरच्या.

तरी फरक आहे. होगार्डनमध्ये धणे आधी येतात, संत्रं मागून, आणि घशाखाली उतरताना ती जवळजवळ कोरडी होते. बिरामध्ये संत्रं पुढे, गोडवा जास्त, कडवटपणा नावालाच. नव्याने पिणाऱ्याला बिरा सोपी जाईल. अंबादासचं मत बिराकडे, कारण चटणीच्या तिखटाला थोडा गोडवा लागतो म्हणे. माझं होगार्डनकडे. कडक भाकरीचा तुकडा मोडून मग घोट घेतला की धण्याचा वास ज्वारीच्या चवीत छान मिसळतो, बिराचं संत्रं तिथे उपरं वाटतं. दोन्ही उन्हाळ्यात बऱ्यापैकी तग धरतात. धणे आणि साल हे मसाले आहेत, हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा नि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांच्या) वासासारखे ते लगेच उडून जात नाहीत. पण ताजेपणा जातोच. शॉपीतली आणि पेटीतली होगार्डन एकामागोमाग प्यायल्यावर शॉपीतलीला मधासारखा एक जड वास होता, तो तिचा नाही.

मग एर्डिंगर. ही जर्मन, बव्हेरियातल्या एर्डिंग गावची. इथे मसाला काही नाही, आणि तरीही नाक घातलं की केळं आणि लवंग. अंबादासचा यावर विश्वास बसेना, त्याला वाटलं इसेन्स टाकलाय. हे सगळं यीस्टचं काम. केळ्याचा वास येतो आयसोअमाइल अ‍ॅसिटेटमुळे, आणि योगायोग असा की केळ्याच्या इसेन्सच्या बाटलीतही मुख्यतः तेच असतं, तेव्हा त्याच्या नाकाची चूक म्हणता येणार नाही. लवंगेचा वास दुसऱ्या एका रसायनाचा, तेही यीस्टच तयार करतं. बाटलीच्या तळाशी यीस्ट बसलेलं असतं. शेवटची थोडी बिअर बाटलीतच ठेवून ती गोल फिरवायची आणि मग ओतायची, नाहीतर निम्मी चव बाटलीतच राहते. फेस मात्र बघावा तर हिचाच, दाट, पांढराशुभ्र, बोटभर. चटणीआधी.

आता दुःखाची गोष्ट, म्हणजे आयपीए (इंडिया पेल एल). ही हॉप्सची बिअर. आंबा, लिंबाची साल, चीडाच्या झाडाचा वास असलं काय काय तिच्यात असतं, आणि ते सगळं पहिल्या काही आठवड्यांचं वैभव. एकाच ब्रुअरीची एकच आयपीए आमच्याकडे दोन ठिकाणची होती, एक पेटीतली, एक आपल्या गावातल्या शॉपीतल्या मांडणीवरची. नाव कशाला घेऊ, दोष ब्रुअरीचा नाहीच. पेटीतला कॅन उघडला आणि अंबादास नुसता "हां" म्हणाला. त्याच्याकडून ही फार मोठी दाद. मांडणीवरची बाटली उघडली, तर ओल्या पुठ्ठ्याचा वास, रंग एक शेड गडद, आणि कडवटपणा तेवढा शिल्लक. फळ गेलं, साल राहिली.

याचं गणित सोपं आहे. ब्रुअरीवाल्यांमध्ये एक ठोकताळा चालतो: तीन अंशांच्या आसपास बिअर तीनशे दिवसांत जेवढी म्हातारी होते, तेवढी बावीस अंशांना तीस दिवसांत आणि बत्तीस अंशांना तीन दिवसांत होते. ठोकताळाच तो, काटेकोर नियम नव्हे. पण मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधल्या गोदामात किती अंश असतील ते मी सांगायला नको. शॉपीवाला विकताना फ्रिजमधून थंडगार काढून देतो, आपण खूश. ती फ्रिजमध्ये कालच गेली आणि त्याआधी दोन महिने खोक्यात शिजत होती, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. पॅकिंगची तारीख मात्र लिहिलेली असते. ती बघा. शॉपीवाल्याच्या कपाळाला आठ्या पडतील, पडू द्या.

दुसरा शत्रू उजेड. आमच्या लॅबमध्ये टॉवेलचा तुकडा प्रखर दिव्याखाली ठेवून रंग किती टिकतो ते तपासतात, तसा प्रयोग आम्ही बिअरवर केला. दुपारी हिरव्या बाटलीतली एक साधी लागर दोन ग्लासांत ओतली, एक कपाटात, एक गच्चीच्या कठड्यावर उन्हात. पंधरा-वीस मिनिटांनी उन्हातला ग्लास आणला आणि दोन्ही एकाच भांड्यात बर्फाला लावून गार केले, म्हणजे तापमानाचा वाद नको. कपाटातली बिअर बिअरसारखी. उन्हातलीला जळक्या रबराचा, लसूण सडल्यासारखा वास. अंबादासने ग्लास लांब धरला तो परत जवळ आणलाच नाही. हॉप्समधली कडू द्रव्यं उजेडाने फुटतात आणि त्यातून गंधकाचं एक संयुग बनतं, ते इतकं उग्र की अगदी लेशमात्र पुरतं. तपकिरी काच हा उजेड बराचसा अडवते, हिरवी आणि पारदर्शक फारसा अडवत नाही, कॅनमध्ये प्रश्नच नाही. "इंपोर्टेड बिअरला असाच वास असतो" असं ठामपणे सांगणारे लोक भेटतात ना, त्यांनी आयुष्यभर ट्यूबलाइटखाली ठेवलेल्या हिरव्या बाटल्याच प्यायलेल्या असतात.

एव्हाना अंधार पडला होता, आणि अंबादासचा विषय आला: स्टाऊट. सिम्बा स्टाऊट, छत्तीसगडमधल्या दुर्गची. काळीकुट्ट, फेस फिकट तपकिरी, दिव्यासमोर धरली तर तळाच्या कडेला फक्त लालसर झाक. काळा रंग जळक्या साखरेचा नाही, भाजलेल्या जवाचा. अंबादासने एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि म्हणाला, "भट्टीवर शेवटची दोन मिनिटं जास्त राहिलीय, पण मुद्दाम." शेंगदाण्याला साल सुटायच्या पुढे नेलं की जो कडवट-खमंग वास येतो, तो यात आहे म्हणे. कॉफी आणि कडू चॉकलेट सगळेच म्हणतात. मला त्याचं वर्णन जास्त पटलं. चटणीशी तर ही अशी जमते की मी वही बाजूला ठेवली. भाजलेलं भाजलेल्याला भेटतं, आणि तेलाने फेस मेला तरी स्टाऊटचं फार बिघडत नाही.

एक सांगतो, ही बर्फासारखी गार पिऊ नका. फ्रिजमधून काढून थोडी थांबा, दहा-बारा अंशांवर आली की वास उलगडतो. गच्चीवर त्यासाठी काहीच करावं लागत नाही, गप्पा मारत बसलं की पुरे. शिवाय भाजलेल्या जवाच्या दणक्यामागे थोडंफार म्हातारपण झाकलं जातं, म्हणून शॉपीतली बाटली आणि पेटीतली बाटली यांत आम्हाला जेमतेम फरक जाणवला. सोलापूरला परवडणारी क्राफ्ट बिअर हीच, असं अंबादासने जाहीर करून टाकलं.

पण माझा पहिला नंबर वेगळा आहे. पुण्यातल्या एका छोट्या ब्रुअरीची कोकम आणि मीठ घातलेली आंबट एल आणली होती. मीठ घातलेल्या आंबट बिअरची चाल जर्मनीतली, गोस म्हणतात तिला. आंबटपणा लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचा, म्हणजे दही लावणाऱ्यांच्याच घराण्यातल्या. रंग असा की मी दोनदा कागद बदलून बघितला, फिकट गुलाबी, जरा वीटकरीकडे झुकलेला. हा शेड कापसावर आणायला मला अर्धा दिवस लागला असता. पहिल्या घोटाला जीभ आक्रसते, मग मीठ येतं, मग कोकम. दिवसभर घाम गाळलेल्या माणसाला हे पेय कुणी समजावून सांगायची गरज नाही. "सोडा घालून कोकम सरबत पी की मग, पैसे वाचतील," असं अंबादास म्हणाला आणि नंतर माझ्या कॅनमधली उरलेली त्यानेच संपवली.

किंमतीचं म्हणाल तर यातल्या कुठल्याही एका बाटलीत साध्या बिअरच्या दोन तरी येतात, आयात केलेलीत जास्तच. तेव्हा पैसे घालवायचेच तर स्टाऊटवर किंवा आंबट एलवर घालवा, गव्हाची घ्याल तर तारीख बघून. खोकं नवं फोडलेलं असेल त्या दिवशी जा, कॅन मिळत असेल तर बाटली घेऊ नका, आणि शोकेसमध्ये दिव्याखाली सजवून ठेवलेली बाटली कितीही देखणी दिसली तरी तिला हात लावू नका. आयपीए मात्र इथे मे महिन्यात घेऊच नये. ती प्यायला पुण्याला जावं, मुक्काम करावा, गाडी दुसऱ्या दिवशी काढावी. अंबादास पुढच्या फेरीला मोठी पेटी नेणार आहे, बर्फाचा खर्च निम्मा माझा असं त्याने परस्पर ठरवलंय.