नेट नसलेला लॅपटॉप आणि त्याचं घड्याळ: वापरानंतरचा अनुभव

परवा मुदत संपत आलेल्या सबकीच्या जागी नवी बनवायला कपाटातला ऑफलाइन लॅपटॉप बाहेर काढला. (सबकी म्हणजे मेलवर सही करायला किंवा मेल उलगडायला लागणारी रोजच्या वापराची डिजिटल चावी; ती मुख्य 'मास्टर की'च्या हाताखाली असते.) मांडणी नेहमीचीच: वाय-फाय कार्ड उपटलेला जुना लॅपटॉप, पेनड्राइव्हवरून चालणारं टेल्स (एक प्रकारचं लिनक्स), मास्टर की फक्त तिथे, रोजच्या सबकी यूएसबी टोकनवर (चाव्या ठेवायचं छोटं उपकरण). पाच मिनिटांचं काम. पण जीएनयूपीजी (या चाव्या बनवणारं सॉफ्टवेअर) म्हणालं, तुमची की साडेपाच हजारांवर दिवस भविष्यात तयार झाली आहे; एकतर 'टाइम वॉर्प', नाहीतर घड्याळाची गडबड. लॅपटॉपच्या लेखी त्या दिवशी १ जानेवारी २००९ होती.

एअर-गॅपबद्दल (यंत्र नेटपासून पूर्ण तोडून ठेवण्याबद्दल) वाचायला घेतलं की सगळे स्टक्सनेट सांगतात. २०१० साली उघड झालेला तो संगणकी किडा (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) पेनड्राइव्हमधून नेट नसलेल्या यंत्रांत शिरला, हे खरंच आहे. पंख्याच्या आवाजातून डेटा बाहेर काढण्याचे प्रयोगही लोक रंगवून सांगतात. मदरबोर्डवरच्या, घड्याळ चालवणाऱ्या बटणाएवढ्या सीआर २०३२ सेलबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. रोजचं यंत्र नेटवरून वेळ जुळवून घेतं, म्हणून सेल मेला तरी आपल्याला पत्ता लागत नाही. इथे वेळ सांगणारं दुसरं कुणीच नाही. त्यात माझं शहाणपण: मोठी बॅटरी फुगू नये म्हणून ती काढून ठेवली होती. म्हणजे घड्याळ चालवायचा सगळा भार त्या जुन्या सेलवर.

नवा सेल आणायचा कंटाळा, म्हणून बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन हाताने तारीख टाकली. तिथे महिना आधी, दिवस नंतर. मी सवयीने उलटं टाकलं आणि ७ मार्चची ३ जुलै झाली. नवी सबकी बनवली, टोकनवर चढवली, खुशीत लॅपटॉप बंद केला. रोजच्या यंत्रावर सही करायला गेलो तर सबकी वापरण्याजोगी नाही. दोन संध्याकाळी मी टोकनला शिव्या घातल्या. तीन वेगळ्या पोर्टमध्ये लावून पाहिलं, नवं मागवायच्या बेतातही होतो. शेवटी कीची यादी नीट वाचली तेव्हा दिसलं की सबकीचा जन्म अजून चार महिन्यांनी व्हायचा आहे. नशीब, पब्लिक की (इतरांना द्यायची उघडी चावी) कुठे पाठवली नव्हती. सबकी नुसती पुसून टाकता आली. एकदा ती लोकांपर्यंत गेली की परत घेता येत नाही, 'रद्द' असा शिक्का घेऊन कायम लटकत राहते.

याच घड्याळाचा आणखी एक चिमटा. त्या लॅपटॉपवर आधी विंडोज होतं. ते हार्डवेअरच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स तीच वेळ यूटीसी (ग्रीनिचची जागतिक वेळ) म्हणून वाचतं. ग्रीनिचच्या पूर्वेला राहत असाल तर तेवढे तास तुम्ही भविष्यात. पहिली की बनवली तेव्हा काही तास ती चालत नव्हती, मग आपोआप चालू लागली, आणि मी ते दैवी कृपेत जमा केलं होतं.

थोडक्यात, तेव्हाचं माझं मत: नाकापेक्षा मोती जड. वर्षातून दोनदा सही करायला एक अख्खं यंत्र जपायचं, त्याचं घड्याळ सांभाळायचं, पासफ्रेज (लांबलचक पासवर्ड) लक्षात ठेवायचा. दोन तारे.

(वरचं लिहून तसंच पडलं होतं. पुढचं सात महिन्यांनी.)

गेल्या आठवड्यात रोजचा लॅपटॉप चोरीला गेला. टोकन त्यातच खोचलेलं होतं, कारण आळस. तीनदा पिन चुकला की टोकन कुलूपबंद होतं, त्यामुळे रात्री झोप लागली. तरी सकाळी कपाट उघडलंच. जुन्या सबकी रद्द केल्या, नव्या बनवल्या, सुट्या पडलेल्या दुसऱ्या टोकनवर चढवल्या. अर्धा तास. मास्टर कीचा फिंगरप्रिंट (तिची ओळख पटवणारा क्रमांक) तोच राहिला, त्यामुळे कुणाला फोन करून 'ही खरंच माझी की आहे' असं पटवत बसावं लागलं नाही. नव्या पब्लिक कीची प्रत पाठवली, संपलं.

जुन्या मेलची मात्र धाकधूक होती. 'कीटूकार्ड' करून सेव्ह केलं की डिस्कवरची की टोकनवर जाते आणि मागे उरतो तो नुसता पोकळ पत्ता. टोकन गेलं की जुने मेल वाचायची चावी गेली. मी पहिल्याच दिवशी, कीटूकार्डच्या आधी, सगळ्या फोल्डरची प्रत दुसऱ्या एन्क्रिप्टेड पेनड्राइव्हवर ठेवली होती. हे सांगताना छाती थोडी फुगते, कारण या सगळ्या प्रकरणात मी वेळेवर केलेली ती एकच गोष्ट.

ऑफलाइन लॅपटॉप आणि रोजच्या यंत्रामध्ये क्यूआर कोडने ने-आण करायचं खूळ मात्र सोडलं. एका कोडमध्ये जास्तीत जास्त २,९५३ बाइट मावतात. सही आरामात बसते, पण जुन्या रद्द सबकी आणि सह्या साठत गेल्यावर पब्लिक की बसेना. आता या कामापुरता एक वेगळा पेनड्राइव्ह आहे, तो दुसरीकडे कुठेच लावत नाही.

सेल मार्चमध्येच बदलला होता. दोन ताऱ्यांचे चार केलेत. पाचवा त्या घड्याळाने खाल्ला: सात महिन्यांत ते चार मिनिटं पुढे गेलं. नवी सबकी रोजच्या यंत्रावर आणली तर पुन्हा तेच, की भविष्यातली आहे. या वेळी टोकनला काही बोललो नाही. चार मिनिटं बसून राहिलो, मग सही झाली.