ठाण्यातली 'फ्लॅट अदलाबदल' सेवा: दस्त चोख, कराचा सल्ला कच्चा

दोन मालकांना आपापले फ्लॅट एकमेकांशी बदलून देणाऱ्या नौपाड्यातल्या एका वकिली कार्यालयाच्या या सेवेत मसुदा आणि नोंदणी निर्धास्तपणे सोपवावी. कर मात्र आपल्या सीएकडूनच तपासून घ्यावा.

समजा, रेडीरेकनरने (सरकारी दरपत्रकाने) घोडबंदरचा फ्लॅट 90 लाखांचा, ऐरोलीचा 1 कोटी 20 लाखांचा. दोन खरेदीखतं केली तर 7 टक्क्यांनी एकूण 14 लाख 70 हजार मुद्रांक शुल्क. एकच अदलाबदल दस्त केला तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद 32 नुसार जास्त किमतीच्या मालमत्तेवरच आकारणी: 8 लाख 40 हजार. वरचे 30 लाख घोडबंदरवाला चेकने देतो. किमती कागदावर 'सारख्या' दाखवून काही वाचत नाही. मुद्रांकाला आणि आयकराच्या कलम 50सी ला रेडीरेकनरच दिसतो.

मसुद्यात मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम 119 शाबूत ठेवतात, हे विशेष. समोरच्याच्या मालकीत खोट निघाली आणि फ्लॅट हातचा गेला, तर भरपाई मिळते, किंवा आपला जुना फ्लॅट त्याच्याकडेच असेल तर तो परत मागता येतो. मसुद्यात याविरुद्ध एक ओळ घुसली की हा हक्क गेला.

'पैसाच हातात नाही, मग कर कसला' ही यांची जाहिरात मात्र दिशाभूल करणारी. कर पुढे ढकलणारं कलम 1031 अमेरिकेतलं, तेही राहत्या घराला लागू नाही. आपल्याकडे कलम 2(47) नुसार अदलाबदल म्हणजे हस्तांतरणच. सुटका होते ती कलम 54 मुळे: घराच्या व्यवहारातला नफा दुसऱ्या राहत्या घरात गेला तर तेवढ्यावर कर नाही. (आयकराची कलमं 1961 च्या कायद्यातली, 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या कायद्यात आकडे बदललेत.)

ऐरोलीवाल्याचा फ्लॅट मुळात 20 लाखांचा असेल तर नफा 1 कोटी. मिळालेलं घर 90 लाखांचं, म्हणून 10 लाख करपात्र, 12.5 टक्क्यांनी. तेवढे सहा महिन्यांत 54ईसी बाँडमध्ये (अशा नफ्यावरचा कर वाचवणाऱ्या ठरावीक रोख्यांत) घातले तर तोही वाचतो. मूळ किंमत 50 लाख असती तर वरचे 30 लाख घेऊनही कर शून्य. नवं घर तीन वर्षांत विकलं की सूट फिरली. बदल्यात दुकान मिळत असेल तर कलम 54 विसराच.

सिडकोच्या भाडेपट्ट्यावरच्या फ्लॅटला हस्तांतरणाची परवानगी आधी लागते. तिचा खर्च यांच्या फीमध्ये नाही, आणि हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत. गृहकर्ज असेल तर मूळ करारनामा बँकेत अडकलेला असतो. ते फेडून कागद सोडवल्याशिवाय दस्ताची तारीख घेऊ नये.