ब्रायन अ‍ॅन्सेल यांचे काउबॉय : आठ महिन्यांनंतर

गेल्या हिवाळ्यात फाउंड्री या पुतळे ओतणाऱ्या इंग्लिश कंपनीच्या ‘ओल्ड वेस्ट’ मालिकेतले, टेबलावरच्या लढाईच्या खेळाचे बारा चिमुकले पुतळे घेतले. काउबॉय, एक शेरीफ आणि दोन-तीन नुसतेच टवाळ. मार्क कॉपलस्टोन यांनी घडवलेले, २८ मिलिमीटरचे, अख्खे धातूचे. माल जुना, कुणाच्या तरी माळ्यावर न रंगवता पडून राहिलेला. विकणाऱ्याने बारा म्हणून अकराच पाठवले, वर फोन उचलेना. असो.

घेण्याचं कारण फाउंड्रीवाले ब्रायन अ‍ॅन्सेल. २०२३च्या डिसेंबरअखेर ते गेले. वॉरहॅमर, म्हणजे पुतळ्यांची सैन्यं टेबलावर लढवायचा खेळ, खेळलेल्या प्रत्येकाच्या खिशातून त्यांनी कधी ना कधी पैसे काढलेत, माझ्याही. पुतळे बनवणारी सिटाडेल मिनिएचर्स त्यांनी उभी केली, पुढे वॉरहॅमर विकणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीची सूत्रं हाती घेतली. १९८३चं वॉरहॅमर त्यांनी रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली यांच्याबरोबर केलं. त्यामागचा हिशेब पक्क्या दुकानदाराचा होता. गिऱ्हाईक एक जादूगार, एक बुटका असे सुटे पुतळे नेतंय ना, मग त्याला अख्ख्या सैन्याच्या लढाईचे नियम द्या, आपोआप पन्नास नेईल! मला यात काही वावगं वाटत नाही. खरी गंमत पुढे आहे. १९९१मध्ये एवढा मोठा धंदा विकून हा माणूस पुन्हा ओताऱ्याच्याच कामाला लागला, फाउंड्रीत इतिहासातले शिपाई ओतायला. नंतर फाउंड्रीचं बस्तान नॉटिंगहॅमशरमधल्या ईस्ट स्टोकला, त्यांच्या राहत्या वाड्यावर हललं. इंग्लंडच्या गादीसाठी झालेल्या ‘गुलाबांच्या युद्धां’तली शेवटची मोठी लढाई १४८७मध्ये याच गावच्या रानात झाली. शिपाई विकणाऱ्याने घर तरी कुठे करावं!

आता पुतळ्यांकडे. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा वजनानेच खूश झालो. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा अळिवाला पाणी घालताना रंग सोडायचा, हात लाल व्हायचे. हा गडी टेबलावर ठेवला की टक्‌ वाजतो. बहुतेक पुतळे एकसंध, पायाखालचा तुकडाही अंगचाच. प्लास्टिकच्या संचासारखं हात, डोकं, पिशवी चिकटवत बसायचं नाही. रबरी साच्याच्या दोन पाळ्या जुळतात तिथे खांद्यावरून पायापर्यंत बारीक रेघ उठते, ती कानशीने घासायची. जुन्या ओतकामात शिसं असतं, तेव्हा घासताना तोंडाला मास्क हवाच, आणि नंतर हात धुवायचे.

रंग फाउंड्रीचेच वापरले. एकाच रंगाच्या तीन छटा, गडद, मधली आणि उजळ, अशा एकत्र येतात. आधी गडद सगळीकडे, मग खोलगट घड्या सोडून मधली, शेवटी फक्त उंचवट्यांवर उजळ. जवळून पाहिलं तर रंगांचे पट्टे सरळ दिसतात. हातभर लांबून तोच कोट ऊन पडल्यासारखा वाटतो. माझ्यासारख्या चित्रकलेत काठावर पास झालेल्यालाही हे जमलं. शेरीफच्या मिशीवर मात्र चार संध्याकाळी गेल्या, आणि ती अजूनही सुरवंटासारखीच दिसते.

आठ महिन्यांत तीसेक डाव झाले असतील. टोपीच्या कडा आणि पिस्तुलांची टोकं खरवडून खालची चांदी दिसू लागली आहे. चूक माझी. घाईत व्हार्निश मारलंच नाही, आणि सगळे एकाच बिस्किटांच्या डब्यात कोंबले. धातू जड, एकमेकांवर आपटतो. आता डब्याच्या तळाला चुंबकी पत्रा लावलाय आणि पुतळ्यांखाली लोखंडी वॉशर चिकटवलेत, तेव्हापासून कुणी हलत नाही. बंदुकीची नळी वाकली तर बोटांनी हळूच सरळ होते, पण दोन-तीनदाच, नंतर तुटते.

घ्यावेत का? मोठं सैन्य उभारायचं असेल तर नको, खिसा आणि मनगट दोन्ही दुखतील. दहा-बारा जणांची चकमक स्वयंपाकघरातल्या टेबलावर खेळायची असेल तर जरूर घ्या. फक्त पाकीट उघडल्या उघडल्या मोजा.