नवी चेन, जुनी कॅसेट आणि ‘फुल सर्व्हिस’: रत्नागिरीत आठ महिने वापरलेल्या एमटीबीचा अनुभव

एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, सर्व्हिसला दिली तेव्हा गिअर नीट पडत होते. परत आली ती चकाचक होऊन, टायरला पॉलिश, नवी चेन. आणि आरे-वारेच्या पहिल्याच चढाला मागच्या १७ दातांच्या चकतीवर चेन खाडकन घसरली. २० वर तेच. ३० आणि ३४ वर काही नाही. बिल सर्व्हिसचे ८०० आणि चेनचे १२५०. दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, ‘नवीन आहे, चालवा थोडी, सेट होईल.’

चेन सेट होत नसते. सायकल ३×९ (पुढे तीन चकत्या, मागे नऊ), मागे ११-३४ ची कॅसेट, म्हणजे ११ ते ३४ दातांच्या नऊ चकत्यांचा संच, आठ महिन्यांत साधारण २१०० किमी. फ्रेम, फोर्क, ब्रेक यांच्याबद्दल तक्रार नाही, म्हणून त्यावर लिहीतही नाही.

चेन ‘ताणली’ असं म्हणायची पद्धत आहे, पण पोलादी पट्ट्या ताणत नाहीत. पिन आणि आतली कडी जिथे एकमेकींवर फिरतात तो सांधा झिजतो. दोन पिनांमधलं अंतर नव्या चेनमध्ये अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. प्रत्येक सांध्यात केसाएवढी फट पडली की सगळी चेन लांबते, तिचे रोलर दातांच्या बुडाशी न बसता वर सरकतात आणि दात एका बाजूने खाल्ले जातात. त्यात आपल्याकडे पुळणीची वाळू आणि सड्यावरची जांभ्याची तांबडी धूळ. तेलात मिसळली की तिची पॉलिश पेपरसारखी लगदी होते. डिरेलरच्या (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाच्या) छोट्या चाकांवर नखाने खरवडून पाहा, विटकरी रंगाचा थर निघतो. तेच चेनच्या आतही चाललेलं असतं, फक्त दिसत नाही.

झिजलेली चेन आणि झिजलेली कॅसेट म्हाताऱ्या नवराबायकोसारखी एकमेकांना सांभाळून घेतात. दोघांचं माप एकत्रच बिघडलेलं असल्याने आवाज नाही, घसरणं नाही. त्यावर नवी चेन घातली की तिचा अर्ध्या इंचाच्या अंतरावरचा रोलर त्या खाल्लेल्या खाचेत बसत नाही, जोर आला की दातावर चढतो आणि उडी मारतो. जास्त वापरातल्या चकत्या आधी जातात, म्हणून १७ आणि २०. मोठ्या चकतीवर एका वेळी जास्त दात भार घेतात, शिवाय तिथे आपण क्वचितच जातो, म्हणून ३४ शाबूत.

हे दुकानाला आधी कळायला हवं होतं, आणि त्यासाठी लागते ती फक्त एक पट्टी. हो, शाळेच्या कंपासमधली नको, स्टीलची १५ इंची घ्या. चेनवर ताण राहील इतपत पेडल दाबून ठेवायचं. पट्टीची कड घासलेली असते, म्हणून शून्यावरून न मोजता १ इंचाची खूण एका पिनच्या बरोबर मध्यावर धरायची. तिथून चोविसावी पिन नव्या चेनमध्ये बरोबर १३ च्या खुणेवर येते, म्हणजे १२ इंच किंवा ३०४.८ मिमी. ती दीड मिमी पुढे गेली की झीज अर्धा टक्का, सव्वादोन मिमी गेली की पाऊण टक्का. ८, ९ आणि १० स्पीडला (मागच्या चकत्या जितक्या तितके स्पीड) पाऊण टक्क्याच्या आत चेन बदलायची, ११ आणि १२ स्पीडला अर्ध्या टक्क्यालाच. तीन मिमी पुढे गेली असेल तर कॅसेट बहुतेक गेलेलीच असते. आमची जुनी चेन (डब्यातून परत मागून आणली) सव्वातीन मिमी पुढे होती. मोजायला अर्धा मिनिट लागला. ८०० रुपयांच्या सर्व्हिसमध्ये टायर पॉलिशला वेळ मिळतो, याला मिळत नाही!

चेन चेकर (झीज मोजायचं तयार माप) घेतलात तर उत्तम, पण दोन टोकांचा साधा चेकर रोलरचा ढिलेपणाही झिजेत धरतो, त्यामुळे थोडी जास्तच झीज दाखवतो. पट्टी पिनवर मोजते. म्हणून शंका आली की पट्टीचंच खरं धरा.

चेन त्या दिवशी बदलायलाच नको होती. तशीच चालवली असती तर जुनी जोडी पावसाळाभर कुरकुरत का होईना चालली असती, आणि शेवटी चेन-कॅसेट एकदमच बदलता आली असती. किंवा तीन महिने आधीच चेन बदलली असती तर कॅसेट वाचली असती. झालं ते मधलंच. नंतर कॅसेटचे २३०० गेलेच, एकूण ४३५०.

जोडणीही तपासली. चेन कापताना जुन्या चेनशेजारी लांबी लावून कापली होती, कड्या मोजल्या नव्हत्या. ११६ कड्यांची चेन एक टक्का झिजली तर जवळजवळ १५ मिमी लांब होते, म्हणजे एका कडीहून जास्त. कड्याच मोजा. जुनीच लांबी चुकीची असेल तर पुढची सर्वांत मोठी चकती आणि मागची सर्वांत मोठी चकती यांवर, डिरेलरमधून न घालता, चेन ओढून धरायची आणि त्यात दोन कड्या वाढवायच्या. सांधा क्विक लिंक (हाताने जोडायची सुटी कडी) न वापरता तीच काढलेली पिन परत ठोकून केला होता. अशा पिनचं भोक सैल होतं आणि चढावर तिथेच चेन उघडते. क्विक लिंक घाला. ९-स्पीडची बऱ्याचदा परत काढता येणारी असते, चेन धुवायलाही बरी.

कॅसेट घरी बदलणार असाल तर चेन व्हिप (चकती फिरू न देणारा पाना) आणि लॉकरिंगचं, म्हणजे कॅसेट आवळून धरणाऱ्या कडीचं, टूल लागतं. फ्रीहबच्या (मागच्या चाकाच्या ज्या भागावर कॅसेट बसते त्याच्या) खाचांवर ग्रीसचा पातळ हात फिरवा, नाहीतर खाऱ्या हवेत वर्षभरात कॅसेट तिथेच चिकटून बसते. लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळायची. टॉर्क पाना नसेल तर पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे १६ किलोचा जोर. कटकट कटकट असा आवाज होतो, तो लॉकरिंगच्या दातेरी बाजूचा, घाबरू नका.

इथपर्यंतचं दोन महिन्यांपूर्वी लिहून ठेवलं होतं. त्यानंतर दोन बाबतींत मत बदललं.

पहिली मेणाची. कोकणात चेनला मेण लावणं हा पुण्याच्या लोकांचा शौक, असं मत होतं. पावसाळ्यापुरतं ते अजूनही तसंच आहे. एका मुसळधार फेरीत मेण निघून जातं आणि पडवीत ठेवलेल्या सायकलची चेन सकाळी नारिंगी. जून ते सप्टेंबर जाड वेट ल्यूबच (पावसात टिकणारं चेनचं तेल). पण ऑक्टोबरनंतर सड्यावर मेणाची चेन हाताला कोरडी लागते, धूळ चिकटत नाही, छोटी चाकं स्वच्छ राहतात. नव्या चेनचं कंपनीचं ग्रीस आधी पूर्ण काढावं लागतं: रॉकेल किंवा डिझेलमध्ये दोन-तीनदा हलवून, मग थिनरने, कारण डिझेलचा तेलकटपणा उरला तर मेण धरत नाही. मेण वितळवताना भांड्यात भांडं ठेवून पाण्यावरच, थेट गॅसवर कधीही नाही. चेन त्यात दहा मिनिटं, बुडबुडे थांबेपर्यंत. गार झाली की काठीसारखी कडक होते, प्रत्येक सांधा हाताने मोडून घ्यायचा. २५०-३०० किमीला परत.

भाट्याच्या पुळणीवर फिरवली असेल तर मात्र मेण असो वा तेल, त्याच दिवशी गोड्या पाण्याची बादली. मगाने ओतायचं. स्कूटर धुतात तो प्रेशरचा फवारा फ्रीहब आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या आसाच्या) बेअरिंगमधलं ग्रीस काढतो, तो नको. फडक्याने पुसून उन्हात वाळवा, मग प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने एकेक थेंब, पेडल उलटं फिरवा, थोडा वेळ थांबा आणि बाहेरून कोरडं पुसा. बाहेर राहिलेलं तेल वाळू गोळा करण्यापलीकडे काही करत नाही. गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे ल्यूब नव्हे. पाणी हाकलायला ठीक, दोन दिवसांत उडून जातो.

दुसरं मत त्याच दुकानाबद्दल. नवी कॅसेट घातल्यावर घसरणं थांबलं, पण छोट्या चकतीकडे जाताना गिअर उशिरा पडायचा आणि मोठ्या चकत्यांवर कडकड राहायची. उशिरा पडण्याचं कारण केबल. त्या बाजूला फक्त डिरेलरची स्प्रिंग ओढते, आणि आउटरमध्ये (तारेवरच्या नळीत) गंजलेल्या तारेला ती हलवू शकत नाही. स्टेनलेस तार आणि नवा आउटर घातला, काम झालं. कडकड मात्र स्क्रू फिरवून जाईना. ती हँगरची होती, म्हणजे डिरेलर फ्रेमला ज्यावर बसतो त्या पट्टीची. जयगड-तवसाळ फेरीबोटीत सायकली एकमेकींवर रेलवून ठेवतात, डिरेलरची बाजू खाली गेली की हँगर वाकतो, आणि दोन मिमीचा बाकही नऊ चकत्यांवर जाणवतो. घरी डोळ्याने सरळ करायला जाऊ नका. त्याचं टूल हँगरच्या आट्यात बसवून रिमच्या वर, खाली, पुढे, मागे चारही ठिकाणी अंतर सारखं येतंय का बघावं लागतं. ते टूल या दुकानात होतं आणि दुकानातल्या मुलाने ते व्यवस्थित वापरलं, चारही ठिकाणी मोजून, दोनदा. पैसे घेतले नाहीत. शेजारी त्याच टेबलावर स्टीलची पट्टी पडलेली होती.