चार बाजू आणि एक अधू पियानो: कीथ जॅरेटची ‘द कोल्न कॉन्सर्ट’

ख्यालावर वाढलेल्या कानाला एकट्या पियानोवरचं जॅझ बिचकवतं. ना तबला, ना ड्रम. दाद द्यायची कुठे? अमेरिकन पियानोवादक कीथ जॅरेटच्या या दोन तबकड्यांच्या संचात मात्र तबल्याचा सोलो ऐकलेल्या माणसाला लवकर वाट सापडते, कारण इथे डावा हात लेहरा धरतो, म्हणजे तबल्याच्या सोलोमागे फिरत राहणारी धून. दोन कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले स्वरांचे दोन झुबके, गोल फिरत राहतात आणि त्यावर उजवा हात मोकळा सुटतो. इंदुरात सानंदच्या कार्यक्रमांना जाणाऱ्या, अमीर खाँसाहेबांचा झुमरा तालातला विलंबित ख्याल तासन्‌तास ऐकणाऱ्या मंडळींनी जॅझची पहिली रेकॉर्ड घ्यायची तर हीच घ्यावी.

डावा हात असा का वाजतो, याचं कारण बरंचसं लाकूड-तारांचं आहे. २४ जानेवारी १९७५, जर्मनीतल्या कोलोनचं (जर्मन उच्चार कोल्न) ऑपेरा हाउस. जॅरेटनं बोझेनडॉर्फर इंपीरियल हा मोठा ग्रँड पियानो मागितला होता: ९७ पट्ट्या, २९० सेंटीमीटर लांबी. मंचावर आला तालमीचा छोटा ग्रँड पियानो. वरचे स्वर पत्र्यासारखे, खालचे पोकळ, पेडल धड चालत नाही. त्या दिवसाचा ऑपेरा संपल्यावर रात्री साडेअकराला वाजवायचं होतं, आणि विशीही न गाठलेली आयोजक व्हेरा ब्रँडेस हिनं तिकिटं विकून ठेवली होती. ट्यूनिंगवाल्यांनी काही तास खपून स्वर जुळवले, पण ट्यूनिंगनं तारेचा ताण बदलतो, लांबी नाही. छोट्या पियानोच्या खर्जाच्या तारा आखूड असतात. त्यांना खालचा स्वर द्यायचा म्हणून जाड करावं लागतं आणि जाड-आखूड तार भरून बोलत नाही. एकदा दाबून सोडली तर नाद पडतो. मग काय करायचं? तीच आकृती पुन्हा पुन्हा ठोकायची, म्हणजे आधीचा नाद विरायच्या आत दुसरा येऊन मिळतो. आणि उजव्या हातानं वरच्या पत्र्यात फार न जाता मधल्या सप्तकात राहायचं. रेकॉर्डभर ऐकू येतं ते हेच.

पहिली बाजू २६ मिनिटांची. सुरुवातीचे पाच स्वर त्या ऑपेरा हाउसच्या घंटेचे आहेत, प्रेक्षकांना बोलावणाऱ्या. म्हणून श्रोत्यांतून बारीक हसू ऐकू येतं. पुढे बराच वेळ ए मायनर सेव्हन आणि जी मेजर या दोन कॉर्डांचा झोका. ‘ए’ला षड्ज मानून हार्मोनियमवर वाजवून बघा: आधी सा, कोमल ग, प, कोमल नी, मग कोमल नी, रे, म. सावकाश, एकाआड एक. आपण काफी थाटाच्या अंगणात आलो हे लगेच कळतं. तरी इथे राग शोधू नये. चलन (रागाची ठरलेली वाटचाल) नाही, वर्ज्य स्वर नाहीत, आणि मेरुखंडासारखी स्वरांची शिस्तशीर उलटापालट तर नाहीच. लेहऱ्याचा जोर वाढत जातो आणि उजवा हात त्याच्या मागे ओढला जातो. शेवटची सहाएक मिनिटं ए मेजरमध्ये आहेत आणि आख्ख्या संचात तीच सर्वांत सुरेल.

दुसऱ्या बाजूला डी मेजरचा लेहरा आठेक मिनिटं चालतो. खरं सांगायचं तर तो लांबतो. पाय हलतो, कान थकतो. तिसरी बाजू एफ शार्प मायनरची, अठरा मिनिटं. तिथं जॅरेट जास्त धोका पत्करतो. दोनदा ऐकायला वेळ असेल तर तिसरीच ऐकावी.

मधूनमधून येणारं कण्हणं, गुणगुणणं आणि पायाचा ठोका हा रेकॉर्डचा दोष नाही. तो माणूस असाच वाजवायचा. ज्यांना ते खपत नाही त्यांना त्याची कुठलीच रेकॉर्ड फारशी खपणार नाही.

हे सगळं त्या रात्री आकाशातून पडलं, असं समजू नये. जॅरेटचा जन्म १९४५चा, लहानपणापासून पाश्चात्त्य शास्त्रीयची तालीम, १९६६पासून सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइडच्या चौकडीत, १९७०-७१मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसकडे इलेक्ट्रिक कीबोर्डवर, आणि १९७३मध्ये ब्रेमेन आणि लोझान या शहरांतले एकट्याचे लांब कार्यक्रम. कोलोनला बसला तेव्हा हातात वर्षानुवर्षांचा रियाज होता. १९८३पासून गॅरी पीकॉक (बास) आणि जॅक डिजॉनेट (ड्रम) यांच्याबरोबरचं त्रिकूट वेगळंच. ड्रमशिवाय करमत नसेल तर तिकडे जा. २०१८च्या पक्षाघाताच्या दोन झटक्यांनंतर जॅरेटचा डावा हात गेला. होय, हाच लेहऱ्याचा हात.

वाजवू पाहणाऱ्यांसाठी: छापील स्वरलिपी मिळते, पण जॅरेट स्वतः ती काढायला नाखूश होता आणि शेवटचा शब्द रेकॉर्डिंगचाच, असं त्याचं म्हणणं. आधी फक्त डावा हात दहा मिनिटं चालवा, मेट्रोनोम लावून. सातव्या-आठव्या मिनिटाला कोपराखालचा स्नायू भरून येतो आणि लय पळायला लागते. मनगट ताठ धरल्याची ती खूण. पेडल प्रत्येक कॉर्डला उचला, नाहीतर दोन्ही कॉर्ड एकमेकांत मिसळून गाळ होतो. ६१ पट्ट्यांच्या हलक्या कीबोर्डवर हे साधत नाही, वजनदार पट्ट्याच हव्यात.

तबकडीच घ्यायची असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. एका बाजूवर २६ मिनिटं बसवायची तर चऱ्या दाटीनं कापाव्या लागतात, आवाज दबतो, आणि हळुवार जागांत खरखर वर येते. मेच्या उन्हात माळ्यावर ठेवली तर वाकेल, पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडली तर बुरशी धरेल. उभी ठेवा, वाजवण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश चरीच्या दिशेनं फिरवा. माळव्याची काळी धूळ बारीक असते, कापडानं ती आतच घोटली जाते. एवढं नको असेल तर सीडी बरी, तिच्यात बाजू बदलायची कटकट नाही.

चौथी बाजू जेमतेम सात मिनिटांची आहे. कार्यक्रम संपल्यावर आग्रहाखातर वाजवलेला तो तुकडा आधीच बांधलेल्या चालीवरचा आहे, आयत्या वेळचा नव्हे. उरलेली तबकडी कोरी. सुई उचलायला जवळच बसा.