शेडला अर्थिंग घरातून न्यायचं का तिकडे वेगळा खड्डा घ्यायचा?

घर एकीकडे आणि गोठा नाहीतर शेड तीस-चाळीस मीटरवर, मळ्यात राहणाऱ्या बहुतेकांचं असंच असतं, आणि शेडला लाईट नेताना वायरमन एकच विचारतो, अर्थिंगची वायर घरातून ओढू का तिकडे नवीन खड्डा मारू, म्हणजे जमिनीत पाईप पुरून वेगळं अर्थिंग करू. आमच्याकडे नाशिकजवळ मखमलाबादला खड्डा मारला होता. वायरमनने फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावला, लख्ख पेटला, म्हणाला एकदम ओके. पुढे मे महिन्यात स्टार्टरला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या म्हणून अर्थ टेस्टर (खड्ड्याचा अडथळा मोजणारं यंत्र) लावून बघितलं तर 60 ओहम! ओहम जितके कमी तितका खड्डा चांगला. शंभरच्या बल्बला अर्धा अँपियरसुद्धा लागत नाही, तो 60 ओहमवरही जवळपास तसाच पेटतो. पण 60 ओहममधून 230 व्होल्टला चार अँपियरही जात नाहीत आणि तेवढ्याला 16 अँपियरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) हलतसुद्धा नाही, यंत्राच्या लोखंडी बॉडीत करंट तसाच राहतो.

बरं खड्डा चांगला 5 ओहमचा असला तरी 46 अँपियरच होतात, 32 च्या एमसीबीला तेवढ्यावर पडायला कित्येक मिनिटं लागतात. म्हणून वायर का खड्डा हे नंतर, आधी शेडच्या बोर्डात 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळायला लागला की लगेच पडणारा स्विच. तो 60 ओहमलाही सेकंदाच्या आत पडतो. घरच्या मेनला टाइम डिले वाला, म्हणजे थोडा उशिरा पडणारा घ्या, नाहीतर शेडमध्ये गळती झाली की घरातही अंधार.

आता वायर. चारी खणताना तीन कोरची (फेज, न्यूट्रल आणि अर्थ) केबल टाकली तर अर्थ त्यातच येतो, वेगळा खर्च जवळजवळ नाही, आणि घरचा एकच खड्डा नीट सांभाळायचा. पण खेड्यावर बऱ्याच ठिकाणी अर्थ फक्त स्वतःच्या खड्ड्यातूनच जमिनीत जातो, म्हणजे घरचा खड्डा खराब तर शेडचाही खराब. शिवाय घरात काही फॉल्ट झाला तर तोच व्होल्टेज वायरने शेडमधल्या पत्र्यावर, पाण्याच्या लोखंडी टाकीवर पोहोचतो. माणूस चपलेवर असतो, गाय ओल्या जमिनीवर चार पायांवर उभी असते, तिला आपल्याला कळायच्या आधी शॉक बसतो.

खड्ड्याचं गणित जमिनीवर आहे. निफाड-दिंडोरीच्या काळ्या मातीत पावसाळ्यात रीडिंग छान येतं, उन्हाळ्यात तीच माती भेगाळते, पाईप सुटा पडतो आणि ओहम चढतात. त्र्यंबककडे मुरूम-खडक, तिथे एका पाईपावर भागत नाही, दोन-तीन अंतराने मारून जोडावे लागतात. मीठ टाकलं की रीडिंग उतरतं हे खरं पण जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाईपाला तेच मीठ खातं, त्यामुळे खड्ड्यावर झाकण ठेवा, उन्हाळ्यात पाणी घाला आणि रीडिंग मे महिन्यातच घ्या.

माझं मत सांगतो. शेडमध्ये नुसता बल्ब आणि एखादा पॉइंट असेल तर घरातून अर्थची वायर आणि आरसीसीबी, झालं. अमेरिकेच्या नियमातसुद्धा एकाच सर्किटच्या वेगळ्या इमारतीला, अर्थची वायर बरोबर नेली असेल तर, तिथे वेगळा इलेक्ट्रोड (जमिनीत पुरलेला अर्थचा पाईप किंवा सळई) सक्तीचा नाही. मोटर, कडबाकुट्टी, पत्र्याचं छत, जनावरं असतील तर मात्र वायरही न्या आणि शेडजवळ खड्डाही घ्या, दोन्ही एका पट्टीला जोडा आणि टाकी, दावणीचा लोखंडी पाईप, पत्रा, सगळं त्याच पट्टीला बांधा म्हणजे गाय तोंड लावते ते आणि बाकीचं लोखंड एकाच व्होल्टेजवर राहतं.

आणि एक गोष्ट वायरमन कितीही सांगू दे करू देऊ नका, शेडच्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधणं. केबलचा न्यूट्रल कधी तुटला तर शेडमधली सगळी लोखंडी बॉडी फेजवर येते, आणि तोवर आरसीसीबी सारखा पडत राहतो, मग कंटाळून कुणीतरी तोच बायपास करून टाकतं.